चित्रात नसलेली खाट

नौपाड्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं. इमारत माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. भिंती हातभर जाड, छत उंच, तरी आत आलं की कोंडल्यासारखं व्हायचं. वडील गेल्यावर मी आणि आई दोघीच उरलो, तेव्हा ठरवलं, घर जरा मोकळं करून घेऊ. ओळखीतून एक इंटिरिअर डिझायनर मिळाला. आठवड्याभरात लॅपटॉपवर चित्र घेऊन आला.

चित्र बघून मी हरखलेच. पांढऱ्या भिंती, लांबलचक सोफा, मधे नुसती मोकळी जमीन. आई चष्मा सारखा करून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "छान आहे. माझी खाट कुठेय?"

"काकू, ती फार जागा खाते. झोपताना सोफा उघडायचा, झाला बेड."

"आणि दुपारी?"

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. निम्मा दिवस ती खिडकीजवळच्या खाटेवर असते. तिथेच भाजी निवडते, पेपर वाचते, शेजारणींना पायाशी बसवून घेते. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. त्यानं लिहूनही घेतलेलं.

आई तिथे नसल्यासारखा तो माझ्याकडे वळला. "मॅडम, आपण पुढच्या वीस वर्षांचं डिझाइन करतोय. आत्ताची गरज टेम्पररी असते."

टेम्पररी म्हणजे काय, हे कळायला मला दोन क्षण लागले.

"लॅपटॉप बंद करा," मी म्हटलं.

"तुमचा गैरसमज होतोय."

"नाही होत. माझी आई मरेल हे धरून तुम्ही खोली मोठी केलीत."

"अगं, चहा तरी घेऊ दे त्याला," आई म्हणाली. त्यावर मी आणखीच चिडले. तो चहा न घेताच गेला.

दुसऱ्या डिझायनरनंही तेच सांगितलं, फक्त जास्त गोड शब्दांत. आमच्याच इमारतीतल्या एका आजोबांना घरच्यांनी घर सुटसुटीत करताना टिटवाळ्याच्या नव्या फ्लॅटमध्ये एकटं ठेवलंय. तिथे हवा चांगली, म्हणे. आणि चित्रात खाट नाही हे माझ्या, पोटच्या मुलीच्या, लक्षातही आलं नव्हतं. त्याची चीड सगळ्यांत जास्त होती.

शेवटी डोंबिवलीहून एक वयस्कर सुतार आले. त्यांनी टेप काढायच्या आधी आईला विचारलं, "ताई, तुम्हाला अडचण कशाची होते?"

आईनं वर बोट केलं. निम्म्या खोलीवर लाकडी माळा होता. "तो काढा. मीच हट्टानं करून घेतला होता. आत काय आहे, आता मलाही आठवत नाही."

माळ्यावर फुटके डबे आणि गाद्या निघाल्या. त्यामागे, छताखाली, रंगानं चिकटून बसलेली झरोक्याची झडप होती. सुतारांनी ती खरवडून उघडली, माळा उतरवला आणि खोलीत दुपारचं ऊन आलं. एक भिंत पाडली नाही, एक सोफा आणला नाही.

आई पडल्या पडल्या उंच छताकडे बघत राहिली. "मोठं दिसतंय खरं," ती म्हणाली. "पण आता तिथली जळमटं कोण काढणार?"