टोमॅटो, मिरची आणि ‘नवरी’

मंडळी, आज मी माझ्या मशीनइतकीच बावळट ठरले.

टोमॅटोची जनुकं वाचायला शिकवलेलं माझं संगणकातलं मॉडेल नंदुरबारच्या मिरचीवर सपशेल आपटत होतं. दोन्ही भाऊबंद, जनुकांची अक्षरंही सारखी. पण तीच अक्षरं मिरचीत वेगळं काम करतात. आधीच डोकं तापलेलं.

तेवढ्यात नुकतीच लग्न होऊन सुरतहून आलेली, माझ्याच वयाची वहिनी दारातून म्हणाली, “तू नवरी छे?”

पुन्हा लग्नाचा विषय! “नाही, आणि व्हायचंही नाही!” मी खेकसले. तिचा चेहराच पडला.

आई म्हणाली, “अवं, तिनी बोलीमा नवरी म्हंजे मोकळी!” बिचारी चहाला बोलवत होती.

मॉडेलला मी महिनोन्महिने समजून घेते. घरच्या माणसाला आपण मिनिटभरही का देत नाही हो?

मग चहा घेऊन मीच गेले. “वहिनी, तू नवरी छे?”

हातातला नवाकोरा चुडा वाजवत ती खुदकन हसली. “तारी मराठीमां, हा!”