दादारावांनी खोडलेली ओळ

तर काल आपण दादाराव मेश्रामांच्या बक्षीसपत्रापाशी थांबलो होतो. हा माणूस दिल्लीच्या एका अभिलेखागारात तीस वर्षं लोकांना त्यांच्या घरा-जमिनीच्या मालकीहक्काचे जुने कागद शोधून देत होता. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला बजावायचा, "घर खुशाल मुलाच्या नावावर करा, पण मरेपर्यंत तिथं राहण्याचा हक्क लिहून ठेवा!" आणि दिल्लीतल्याच द्वारका भागातला स्वतःचा फ्लॅट प्रफुल्लला देताना तीच ओळ त्यांनी मसुद्यातून खोडली. पोटच्या पोराला असं काही लिहून दाखवायचं, याची त्यांना लाज वाटली.

परवा प्रफुल्लने फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आणलं. दादाराव काही सोफ्यावरून उठेनात.

"बाबा, उठा ना यार! भाडेकरू असता तर नोटीस तरी दिली असती. तुम्ही तर तेही नाही," गिऱ्हाइकादेखत प्रफुल्ल हसला आणि त्यानं बक्षीसपत्र त्यांच्या मांडीवर टाकलं. "तुम्ही इथं राहणार असं कुठं लिहिलंय? दाखवा."

दादारावांनी चष्मा लावला, कागद शेवटपर्यंत वाचला आणि नीट घडी घालून परत दिला.

"नाही लिहिलेलं. कागद पक्का केलाय मी. तुझ्यावर कुणी दावा लावू शकणार नाही, बेटा. मीसुद्धा नाही."