तोरिबिओ चोकेने बदललेली सिस्टीम

आमच्या गल्लीत तोरिबिओ चोकेला सगळे इंजिनिअर म्हणतात. कॉलेजचं फाटक त्याने बाहेरूनच पाहिलंय, पण ला पाझमध्ये गळ्यात पेनड्राइव्ह अडकवला की माणूस इंजिनिअर होतो, कागद कोण मागतो? बाप भरतकामाचा उस्ताद. पोराच्या हातातही लहानपणीच सुई दिली. पण सुई धरणाऱ्याला कोणी साहेब म्हणत नाही, आणि ह्या दिवट्याला साहेबच व्हायचं होतं. बाप गेला तशी सुईही सुटली, आणि हा लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करत, म्हणजे बिघडवत, हिंडू लागला.

माझा भरतकामाचा कारखाना आहे. मशीनला नक्षी पोचवणारा कॉम्प्युटर म्हातारा, पण बिचारा गपगुमान काम करायचा. ग्रान पोदेरच्या उत्सवाची मिरवणूक तोंडावर आली होती. नाचणाऱ्या मंडळाचे सगळे झगे तयार होते, एकच उरला होता, म्होरक्याचा, पाठीवर ड्रॅगनवाला. तो शनिवारी सकाळी त्याच्या अंगावर चढला नाही, तर मंडळ पुन्हा माझ्या दारात पाय ठेवणार नव्हतं. आणि एक मंडळ गेलं की बाकीची त्याच्यामागून जातात.

नेमका अशा आठवड्यात हा टपकला.

"निकोलासाबाई, ही सिस्टीम मेलीय. कंपनीनं कधीच हात वर केलेत. उद्या व्हायरस शिरला तर ड्रॅगनच्या जागी कोंबडी उमटेल."

"मिरवणूक होऊ दे, मग काय ते कर."

"आणि ह्या वेळी चोरीचा माल नाही, बाई. अस्सल लायसन्स. त्याला धर्मबापही बघून ठेवलाय."

आमच्याकडे लग्नाच्या केकपासून बँडपर्यंत प्रत्येक गोष्टीला एक धर्मबाप असतो, खर्च तो करतो. लायसन्सचा धर्मबाप मात्र मी पहिल्यांदाच ऐकला. कोपऱ्यावरचा खाटीक होता तो. फुकटचं म्हणताच माझ्या नवऱ्याने मान डोलावली. त्याची मान तेवढ्याच कामाची आहे.

खोटं कशाला बोलू, सिस्टीम चढली. लायसन्सचा नंबर टाकला, पडद्यावर 'सक्रिय' अशी अक्षरं आली. मग खाटीक बिअरच्या बाटल्या घेऊन आला, कारण नवी वस्तू आली की चाल्या करायलाच हवी. शहाणी माणसं चार थेंब जमिनीवर धरणीमातेला देतात, वस्तूवर फुलं टाकतात आणि उरलेली आपण पितात. आमचे इंजिनिअरसाहेब कॉम्प्युटरचा डबा उघडून बसले.

"लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं असतं, बाई. मान द्यायचा तर तिथेच द्यायला पाहिजे."

मी हात धरेपर्यंत अर्धी बाटली आत गेली होती. फुस्स झालं आणि जळका वास सुटला.

बाजारातून दुसरा बोर्ड आणून बसवला. पडद्यावर आलं, हे लायसन्स दुसऱ्या यंत्राचं आहे. भरतकामाचा प्रोग्रॅम उघडेचना. मग कंपनीला फोन. तिकडच्या मुलीने बिचारीने सरळ विचारलं, "ही सिस्टीम किती कॉम्प्युटरवर टाकलीत?" तिला आमच्या लायसन्सपुरतंच हवं होतं. 'एक' म्हटलं असतं तर काम झालं असतं. ह्याने छाती फुगवली.

"शेकडो. अख्ख्या गल्लीत माझंच काम चालतं."

तिने चौकशी लावली. उत्तर पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणाली.

"अरे मुडद्या," मी म्हटलं, "तुझ्या अकलेला वाळवी लागली की मुळात नव्हतीच? माझ्या पोटावर पाय दिलास तू."

दुसरा कोणी असता तर पळाला असता. ह्याने कोपऱ्यातली लाकडी चौकट ओढली, झग्याचं कापड ताणून बसवलं, सोनेरी दोरा घेतला आणि खिडकीपाशी बसला. मी मुद्दाम चहासुद्धा विचारला नाही.

शुक्रवारी दुपारी आणखी चार शब्द सुनवायला म्हणून गेले, ते तशीच उभी राहिले. मशीनचे खवले सगळे एका मापाचे येतात. ह्याचे एकावर एक चढत गेले होते, आणि कापड हललं की ड्रॅगन कूस बदलत होता. मला रडू आलं, आणि त्याचा रागही आला. असला हात असून हा गाढव लोकांच्या डब्यांत नाक खुपसत फिरतो.

"तोरिबिओ, सोमवारपासून इथेच बस. तुझ्या हाताखाली माणसं देते."

"जमणार नाही, बाई. औषधवाल्याची सिस्टीम बदलायचीय."

शनिवारी सकाळी हा तिथेच घुटमळत होता. मंडळाचा अध्यक्ष आला, त्याने ड्रॅगनवरून हात फिरवला.

"हे कुणाच्या हातचं?"

मी तोंड उघडलं, पण तोरिबिओने मला बोलूच दिलं नाही.

"हातचं कुठलं, मशीनचं," तो कॉलर सारखी करत म्हणाला. "नवी सिस्टीम टाकली ना मी."

"वा, इंजिनिअर," अध्यक्ष म्हणाला, आणि झगा खांद्यावर टाकून निघून गेला.