रिकामा डबा

मेश्रामभाऊ डबा उघडायचे, एकदा वास घ्यायचे आणि माझ्याकडे सरकवायचे. "खाऊन घे गा. गाडी उभी हाये तवर मले घास उतरत नाही."

वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत आम्ही समोरासमोर बसत होतो. माल वेळेत पोचवायची जबाबदारी त्यांची. काटोलच्या संत्र्यांचा ट्रक वाटेत बंद पडला, की व्यापारी, ड्रायव्हर, साहेब सगळे त्यांच्यावरच ओरडायचे. हे दोन कानांना दोन फोन लावून येरझारा घालायचे आणि मला डोळा मारायचे, "डॉक्टरनं चालाले सांगतलं ना? हे काय, चालूनच राहिलो."

धंतोलीच्या डॉक्टरांनी छाती तपासून ताकीद दिली होती. मीठ-तेल कमी, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. तेव्हापासून वहिनी पहाटे उठून मोडाच्या मुगाची अळणी उसळ आणि ज्वारीची भाकर द्यायच्या. भाऊ मात्र टपरीवर उभ्या उभ्या तेलकट, झणझणीत तर्री-पोहे गिळायचे, वर खर्रा. "तोंडात खर्रा नसला तं साहेबाले उलटं बोलून जाईन मी."

मी खोलीवर एकटा, मेसच्या जेवणाला विटलेला. तीन वर्षं तो डबा मी चाटूनपुसून खाल्ला. "वहिनीले रिकामा दिसला पाहिजे बरं," एवढीच त्यांची अट. एकदा म्हटलं, "आज तुम्ही खा." म्हणाले, "संत्र्याचा सीझन सरू दे, मंग खातो." सीझन सरला, दुसरा माल आला. खरं सांगायचं तर मीही फार आग्रह केला नाही.

ते गेले भर दुपारी, फोन हातात असताना. डबा माझ्यापुढे होता, अर्धा संपलेला.

जलदान विधीच्या दिवशी वहिनी जवळ येऊन बसल्या. "भाऊजी, डबा तं रोज रिकामाच येत होता. डॉक्टरनं सांगतलं ते सारं खाल्लं त्याईनं. मंग माह्याच हातानं काही चुकलं काय?"

खरं काय ते सांगायचं होतं. "नाही वहिनी," एवढंच म्हणालो.

आता भाऊंच्या खुर्चीत मी बसतो. दर महिन्याला त्यांच्या घरी जातो, आज सांगायचंच असं ठरवून. गेल्या रविवारीही गेलो. वहिनींनी न विचारताच ताट वाढलं. मुगाची तीच अळणी उसळ.

"त्याईले लय आवडे," म्हणाल्या आणि समोर बसून राहिल्या.

मी मान खाली घालून जेवलो. ताटात एक दाणाही ठेवला नाही.