शेजारच्या दोघी

हळदीच्या वावरात मी आठ गाड्या सोडल्या होत्या. बसायच्या पाटाएवढ्या, चार चाकांच्या, आपोआप चालणाऱ्या. सरीतून फिरायच्या, मातीत सळई खुपसून ओल मोजायच्या आणि बिनतारी एकमेकींना कळवायच्या. प्रत्येकीला वावराचा एक तुकडा नेमून दिलेला. ओल मोजून झालेला तुकडा मोबाइलवरच्या नकाशात हिरवा दिसायचा, आणि त्यावरून पाणी कुठं सोडायचं ते ठरायचं; सगळे तुकडे हिरवे दिसले की मी खूश. हे माझं एम.टेक.चं काम. बाबांनी हट्टा गावाजवळचं आमचं एक एकर त्यासाठी दिलं, पण अट घालून: "एक कोपरा जरी वाळला, तं तुझी खेळणी बांधावर."

घोळ बॅटरीचा झाला. एखादी गाडी बंद पडली की नकाशात तेवढ्या जागी भोक पडायचं. त्यावर मी फार डोकं चालवलं होतं: जिची बॅटरी सगळ्यात जास्त भरलेली, ती गाडी तिथं जाईल. ती पार दुसऱ्या टोकाहून निघाली, काळ्या चिखलात रुतली आणि एका भोकाची दोन झाली. मी चाकं खरवडत बसले. बाबा मुद्दाम शेजारून दोनदा गेले. मला रडू येत होतं, तेही रागानं.

माय बांधावर बसून बघत होती. त्या दिवशी खुरपणी होती. बाया रांगेनं बसलेल्या, प्रत्येकीची एक पात, म्हणजे खुरपत पुढं न्यायचा पट्टा.

"ती एवढ्या लांबून काहून आणली?" मायनं विचारलं. "बाजूच्या दोघी काय करून राहिल्या होत्या?"

"त्यांची बॅटरी अर्धीच हाय."

"अर्धी तं अर्धी. एखादी लेकराला पाजायला उठली, तं टोकावरची बाई धावत येत न्हाई. बाजूच्या दोघी थोडा थोडा हात लांबवतात. रांग तुटत न्हाई."

मी याच वावरात वाढले, आणि मला हे सुचलं नव्हतं. दोन दिवस बसून गाड्यांना तसं शिकवलं. त्यानंतर पंधरवडाभर नकाशात एकही भोक नाही. बाबांनी कोपऱ्यातली माती मुठीत दाबून बघितली, "बराबर हाय," म्हणाले आणि निघून गेले. आमच्या घरात एवढं कौतुक पुष्कळ झालं.

मी मायला नकाशा दाखवला. "सगळं हिरवं हाय न? यातली एक गाडी बंद हाय. ओळख."

ती हसली. मग सहज म्हणाली, "माझी पात बी पोळ्यापासून दोघीच ओढून राहिल्या. गुडघा वाकत न्हाई माझा."

ती बांधावर बसते ती माझ्या गाड्या बघायला, असं मी धरून चालले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"सांगितलं काहून न्हाई?"

"रांग कुठं तुटली? तुटली असती तं तुला दिसलंच असतं."

दुसऱ्या दिवशी गाड्या तशाच सोडून तिला वसमतला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर नकाशात एक बदल केला. आता तुकडा हिरवा असला तरी तिथली मूळ गाडी बंद असेल, तर लाल ठिपका दिसतो. सकाळी नकाशा उघडला की मी आधी तो ठिपका शोधते.