तव्याशिवायचा ओटा

जालन्याला खोली घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, आणि तो लपवता लपवता माझी पुरेवाट झाली. केदारखेड्याच्या सासरच्या घरात स्वयंपाकघर भांड्यांचं होतं, आम्ही बायका तिथे पाहुण्या. भिंतभर मांडणी, तिच्यावर आहेरात आलेली ताटं, ताटांमागे परातींची चळत, सगळ्यात वर पितळेचे हंडे. हे सगळं अधूनमधून खाली उतरवायचं, घासायचं आणि परत वर चढवायचं. वापरायचं नाही. रोज लागणारी पळी मात्र नेमकी वेळेवर सापडायची नाही, आणि फोडणी करपली की बोलणी मी खायची.

माझं माहेर भोकरदनचं. वडील कारकून, घर दोन खोल्यांचं. आईचा ओटा एवढासा, पण हात लांब केला की हवी ती वस्तू हाताला लागायची. मला तेवढंच हवं होतं. माझा एक ओटा, आणि त्यावर काय असावं हे ठरवणारी मी.

नवऱ्याला एमआयडीसीत बियाणं साफ करून पिशव्या भरणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझरची नोकरी लागली होती. समोर मी त्याला अहो म्हणते. लिहिताना तो म्हणते, तेवढी मुभा मी घेतली आहे. शेती धाकटा दीर बघत होता. रोज गाडीवरून जाणं-येणं कंबर मोडणारं होतं, म्हणून कारखान्याजवळ खोली घ्यायची असं सगळ्यांच्या मताने ठरलं.

सासूबाई मांडणीसमोर बसून म्हणाल्या, "काय लागल ते घे बाई. मंग तिथं गेल्यावर आठवलं तर कोन आनून देनार?"

मी मनातल्या मनात कधीच सगळं लावून ठेवलं होतं. छोटा कुकर. लोखंडी कढई एक. पातेली दोन, पण अशी की एकच झाकण दोन्हींवर बसेल. सांडशी, पळी. झारा नको, भजी पळीनेही निघतात. सुरी की विळी यावर माझं माझ्याशीच भांडण झालं, शेवटी विळी घेतली, कारण विळीपाशी दोन्ही हात मोकळे राहतात. मिक्सर नको, खलबत्ता घेतला. ठेच्याला आणि दाण्याच्या कुटाला तो पुरतो. कणीक मळायला, भाजी निवडायला आणि वेळेला झाकायला परात एकच. मिसळणाचा डबा. पोळपाट, लाटणं, उलथनं. बस. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "एवढ्यात भागल का गं?" मी म्हटलं, भागेल.

तवा घरात एकच होता, मोठा, चुलीवरून गॅसवर आणि गॅसवरून चुलीवर फिरणारा. तो मागणं बरं दिसलं नसतं. सामान बांधताना मी नवऱ्याला म्हटलं, तवा आपण जालन्यात नवा घेऊ.

त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तवा नको. आईला चालत न्हाई. एका घराचे दोन तवे झाले की घर फुटलं, असं मानती ती. तू काही बोलू नको तिला, उगं मन दुखल तिचं."

"मंग भाकरी?"

"भाकरी घरून आणू की."

मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. सासूबाईंचं मन वळेल.

तसं काही झालं नाही. दर शनिवारी संध्याकाळी गाडी काढायची, केदारखेड्याला जायचं आणि रविवारी संध्याकाळी धडप्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी मांडीवर घेऊन मी मागे बसून यायचं, हा नेम झाला. सोमवारी त्या भाकरी खाववत. मंगळवारी दाताला लागत. बुधवारी कुस्करून ताकात. पुढे भात, खिचडी, वरणफळं, शेंगोळे. तव्याशिवाय जे जे होतं ते सगळं मी केलं. एकदा कढई पालथी घालून तिच्यावर पोळी भाजायला गेले. पोळी मध्ये जळली, कडेला कच्ची राहिली आणि मनगटाला चटका बसला तो वेगळाच. नवरा मात्र खुशीत. शिळी भाकर कांद्यासोबत चावत म्हणायचा, "घरची ती घरची."

ओटा अगदी मी ठरवला तसाच झाला होता. स्वच्छ, मोकळा, फालतू काही नाही. बहिणीने व्हिडिओ कॉलवर तो पाहिला आणि म्हणाली, "किती छान सुटसुटीत गं! लोक असं करायला व्हिडिओ बघतात." मी फोन ठेवला आणि इतकी चिडले की विनाकारण कुकर परत घासला.

शेजारच्या खोलीत सळयांच्या मिलमधल्या कामगाराचं कुटुंब राहायचं. ती बाई एकदा मीठ मागायला आली, ओट्याकडे टक लावून पाहिलं आणि हसायलाच लागली. "ताई, उलथनं हाय, लाटनं हाय, अन् तवा न्हाई? उलथनं काय कुकरमंदी घालता?"

"गावाकडं राहिला," मी म्हटलं.

"मंग माझा न्या की. माझं दुपारून कामच न्हाई त्याचं."

मी नेला. दुपारी न्यायचा, दोन पोळ्या माझ्यापुरत्या भाजायच्या, तिथेच उभ्याने खायच्या, आणि नवरा यायच्या आत तवा घासून परत करायचा. स्वतःच्या घरात चोरून पोळी खाणारी मी पहिलीच असेन. आधी गंमत वाटली, मग लाज वाटायला लागली. ती बाई काही बोलायची नाही, पण तवा देताना मुद्दाम पदराने पुसून द्यायची, आणि ते मला जास्त लागायचं.

कुणी म्हणेल, घ्यायचा ना एक तवा. सराफ्यात जाऊन सोनं आणायचं नव्हतं. मी दुकानात गेले होते, तवा हातात घेऊन उभी राहिले होते आणि परत ठेवून आले होते. घर फुटलं की खापर सुनेच्याच डोक्यावर फुटतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकदा धीर करून नवऱ्याजवळ विषय काढला, तर त्याने जेवता जेवता हात थांबवला. "तुला एवढी काय घाई झाली वेगळं व्हायची?"

त्यानंतर मी गप्प बसले. पण त्या खोलीत माझा जीव घुसमटायला लागला. माहेर केदारखेड्याच्या थोडंच पुढे, तरी तिकडे जायला रविवार उरत नसे. पाहुण्याला या म्हणायची सोय नव्हती. ताप आला तरी शनिवारी गाडीवर बसायचं, नाहीतर पुढचा आठवडा कोरडा. मी मनातून सासूबाईंचा राग करायला लागले. त्या तिकडे बसल्या बसल्या एका तव्याने मला बांधून ठेवतात, असं वाटायचं. रविवारी त्या भाकरी बांधून देत तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघायचीसुद्धा नाही.

मग एकदा सासूबाई जालन्याला आल्या. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं म्हणून दिराने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात दाखवलं, आमच्या खोलीवर आणून सोडलं आणि तो विहिरीवरच्या मोटारीचं सामान घेऊन गावाकडे निघून गेला. नवरा कामावर होता. सासूबाई पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या होत्या. पाणी पिऊन त्यांनी पिशवीतून भाकरी काढल्या आणि ओट्यापाशी गेल्या.

"तवा दे गं, गरम करते."

"तवा न्हाई, आत्याबाई."

"न्हाई म्हंजे? कोनी नेला?"

माझा तोल गेला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "तुम्हीच न्हाई म्हणल्या ना! दोन तवे झाले की घर फुटतं म्हणून. तुमच्यासाठीच तर मी शिळं खाऊन राह्यले, शेजाऱ्यांचा तवा मागून राह्यले!"

त्या माझ्याकडे वळल्या. पाण्याने भरलेले त्यांचे डोळे लाल झाले होते.

"मी? मी कवा म्हन्ले?" त्या म्हणाल्या. "मला तर त्यो म्हन्ला, तिथं गॅसवर भाकर बराबर होत न्हाई, मला तुझ्या चुलीवरचीच लागती. अन् तिला काही बोलू नको, तिला वाईट वाटल. म्हनून मी आईतवारी अंधारात उठून चूल पेटवती. आता हा डॉक्टर म्हनतो, धुरात बिलकुल बसू नका. मला काय हौस हाय का गं तुमच्या भाकरी थापायची?"

आम्ही दोघी खाली बसलो. मला आधी हसू आलं, मग त्यांना आलं, आणि मग कुणालाच हसवेना. दोघींना एकमेकींचं मन जपायला सांगून हा माणूस आरामात भाकर खात होता.

सासूबाई उठल्या. "चल. तवा आनू."

दुकानात आमचं भांडण झालं. त्यांना जाड, खोलगट, दोन हातांनी उचलायचा तवा हवा होता. मला सपाट आणि हलका, एका हाताने उतरवता येईल असा. त्यांनी बोटाने वाजवून दाखवलं, मी फरशीवर ठेवून डुगडुगत नाही हे दाखवलं. दुकानदार दोघींकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी त्या म्हणाल्या, "घे बाई तुझ्या मनचा. तुला करायचं." लग्नानंतर घरातली एकही वस्तू मी माझ्या मनाने निवडली नव्हती. तो तवा मी पिशवीत न घालता हातातच धरून आणला.

नवा तवा तेल-मीठ चोळून तापवला, पहिली भाकर टाकून दिली. दुसरी फुगली. नवरा कामावरून आला तेव्हा तिसरी तव्यावर होती. बियाण्याला लावायच्या औषधाचा लाल रंग त्याच्या नखांत होता. त्याने आईकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, आणि दारातच उभा राहिला.

"का रं," सासूबाई म्हणाल्या, "मी कवा म्हन्ले घर फुटतं म्हनून?"

तो हात धुऊन ताटावर बसला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "तवा घेतला असता तर आपण इथलेच झालो असतो. तवा न्हाई म्हंजे तात्पुरतं आल्तो असं वाटायचं. मला न्हाई ऱ्हायचं इथं, आई. चार पैसे जमले की येतो मी परत."

मला त्याचा संताप आला. त्याला गाव सुटत नव्हतं, हे तो सरळ बोलला असता तर मी ऐकलं असतं. त्याऐवजी त्याने मला अर्ध्या घरात ठेवलं आणि आईला धुरात बसवलं. मी तसं बोलून दाखवलं, त्याच्या आईच्या देखत. सासूबाई मला गप्प करतील असं वाटलं होतं. त्यांनी केलं नाही. त्या बराच वेळ पदराने डोळे टिपत राहिल्या आणि मग त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाबा, मी तेच सांगाया आल्ते. दिवाळीच्या पुढं धाकट्याचं लगीन. तुमची खोली त्याला लागल. वावर तर एकाच्याच पोटापुरतं हाय, तुला माहीत हाय. तुम्ही येत ऱ्हा. सणावाराला या."

सणावाराला पाहुणे येतात. तो घास हातात धरून तसाच बसला. माझ्या मागे तव्यावरची भाकर करपली, आणि मला ती उलटायचं सुचलं नाही.

सासूबाई सकाळच्या बसने गेल्या. पुढच्या शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने सवयीने गाडी बाहेर काढली, सीट पुसली, आणि मग किल्ली हातात घेऊन तिथेच थांबला. मी दारातून बघत होते. माझा ओटा मागे लावून ठेवलेला होता, एकही वस्तू जास्त नाही, एकही कमी नाही. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. आधी वाटायचं सासूने कोंडलंय, मग कळलं नवऱ्याने. आता कुणीच कोंडलेलं नव्हतं, तरी त्या शनिवारी जायला आम्हा दोघांना घर नव्हतं. इतक्या शनिवारी त्या गाडीवर बसायचा मला वैताग होता, आणि त्या क्षणी त्याने नुसतं चल म्हटलं असतं तरी मी जाऊन बसले असते.

त्याने गाडी परत स्टँडवर लावली. आत येताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "होईल सवय."

मला भीती त्या सवयीचीच वाटली.