दाराशी बसायची जागा

मी प्रार्थना तमिळमध्ये करते. चेन्नईत इतकी वर्षं काढल्यावर यात कुणाला नवल वाटत नाही. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात, घर अण्णा नगरात, चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आणि तिथली उपासना तमिळ. पण खरं कारण वेगळं आहे. तमिळमध्ये मला कुणी मारलं नव्हतं.

नगरजवळच्या माझ्या माहेरच्या घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. वडिलांचा आवाज गोड होता, चर्चमध्ये गीतं तेच उचलायचे आणि घरीही. गीत झालं की शास्त्रपाठ, मग सगळ्यांनी गुडघे टेकायचे. प्रार्थना लांबावी असं मला वाटायचं, कारण ती चालू असेपर्यंत ते हात उगारत नसत. पिऊन आलेल्या दिवशी 'आमेन' म्हटलं की सुरू व्हायचं. आधी आई, मग मध्ये येईल तो. मी दाराशी बसायचे आणि 'आमेन'बरोबर बाहेर, शेजारच्या मावशीकडे पळायचे. त्यामुळे डोळे मिटून प्रार्थना करणं मला कधी जमलंच नाही. देवाला बाप म्हणणंही मराठीत जमेना. तमिळमध्ये 'पिता' म्हणून निभावून जात होतं.

लग्न होऊन इथे आले तेव्हा एक गोष्ट फार आवडली. इथल्या चर्चमधल्या बायका देवाकडे काही मागण्याआधी एकेका गोष्टीबद्दल 'स्तोत्रम' म्हणतात, म्हणजे उपकार मानतात. नळाला पाणी आलं, स्तोत्रम. पोराचा ताप उतरला, स्तोत्रम. मी मुळातच याद्या करणारी बाई. किराणा, औषधं, चर्चच्या पिकाच्या सणाला लागणारी भांडी, सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे असतात. मग उपकारांचीही केली. ती फ्रिजवर लावलेली असते आणि सकाळी चहा उकळेपर्यंत मी ती म्हणते. या सवयीने मला सावरलं हे मी खात्रीने सांगू शकते. रोज काहीतरी चांगलं शोधायचंच असं ठरवलं की मनाला जुनं उगाळायला वेळ मिळत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. स्वयंपाकघरात बसून ती रोज माझं तमिळ ऐकायची.

"काय गं ते भराभर म्हणतेस?"

मी सांगितलं. एकेक ओळ मराठीत करून दाखवली.

"देव काय वाण्याचा पोरगा आहे, तुझी चिठ्ठी वाचून सामान बांधायला?" ती म्हणाली. मग मटारची शेंग फोडत, "आणि तुझे उपकार मद्रासपासूनच सुरू होतात होय? त्याआधी देव रजेवर होता का?"

"त्याआधीचं काय आठवू? तूच सांग."

माझा आवाज चढला होता. ती मटार सोलत राहिली.

या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा ठरला. डाव्याने तिला माझ्या शाळेच्या दिवसांपासून दिसत नाही. डॉक्टरांना तिने सांगितलं, पडले होते. तो फटका मी पाहिला होता, तरी फॉर्मवर मीही तेच लिहिलं. म्हणजे होता तो एकच डोळा. डॉक्टर म्हणाले, काळजी घेऊ, पण शस्त्रक्रिया म्हटली की थोडा धोका असतोच.

शस्त्रक्रियेच्या सकाळी मी सगळं वेळेवर उरकलं. फाईल, रिपोर्ट, थेंबांचं वेळापत्रक, चष्म्याचं घर. हिरवा गाऊन आणि टोपी घालून आई बाकावर बसली होती. तिने माझा हात धरला होता.

"प्रार्थना कर," ती म्हणाली. "आपल्या भाषेत."

"थांब, तुझ्या जावयांना फोन लावते. ते छान करतात."

"जावई नकोत. तू कर."

"मला मराठीत नाही जमत, आई."

"मग काय, एका डोळ्याची म्हातारी आता तमिळ शिकू?"

ती हसली, पण हात सोडेना. तिला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. मी सुरुवात केली. "प्रभू, आम्ही तुझे उपकार..." आणि अडकले. शब्द होते, पण त्यांच्यामागून ते घर येत होतं.

"दारापासून सुरू कर," आई हळूच म्हणाली.

"कुठलं दार?"

"प्रार्थनेला तू कुठे बसायचीस?"

"दाराशी."

"तिथे कोण बसवायचं तुला? आणि कडी कोण काढायचं?"

कडी! आमच्या दाराची कडी वर होती, जड होती, माझा हात तिथे पोचत नसे. तरी मी कधी अडले नव्हते. दार ढकललं की उघडायचं. मी चपळ होते म्हणून सुटायचे, असंच इतकी वर्षं धरून चालले होते.

"ते डोळे मिटून गायचे ना," आई म्हणाली, "तेवढ्यात मी काढून ठेवायचे. मावशीला सांगून ठेवलं होतं. तुझी भाकरी ती धरूनच थापायची."

मग मी प्रार्थना केली, मराठीत. त्या कडीबद्दल देवाचे उपकार मानले. ती आवाज न करता काढणाऱ्या बोटांबद्दल मानले, मावशीच्या भाकरीबद्दल मानले. घर तेच होतं, पण त्या घरात देव होता, दाराच्या बाजूला होता, हे मला पहिल्यांदा म्हणता आलं. वडिलांबद्दल उपकार मानता आले नाहीत. त्यांना तुझ्या हाती सोपवते, एवढंच म्हटलं आणि ते म्हणताना खोटं वाटलं नाही. मग डॉक्टरांसाठी आणि त्या डोळ्यासाठी मागितलं.

'आमेन' म्हटलं आणि सवयीने माझे खांदे वर गेले. समोर नर्स उभी होती. "पोलामा, पाटी?" तिने विचारलं. निघायचं का, आजी? आई तिचा हात धरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. आईने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"केस किती पिकलेत गं तुझे! सांगायचं नाही होय?"

संध्याकाळी घरी प्रार्थना ठेवली. गीत आईने उचललं, वडील उचलायचे तेच. मी नेहमीसारखी दाराशी खुर्ची घेतली होती. दुसऱ्या ओळीलाच तिने गाणं थांबवलं.

"इकडे ये, पंख्याखाली बस," ती म्हणाली. "दाराशी आता तुझं काही काम नाही."